कमी पैशात बाहुल्यांचा संग्रह: पुण्यात राहून जमवायचा कसा, सांभाळायचा कसा

महिन्याला पाचशे रुपये. बाहुल्यांच्या छंदासाठी एवढे बाजूला काढता आले, तर पुण्यासारख्या शहरात तीन-चार वर्षांत पाहुण्यांनी थांबून बघावा असा संग्रह उभा राहतो. पाचशे जमत नसतील तर दोनशेही चालतील, वेळ जास्त लागेल इतकंच. या छंदात पैशापेक्षा चौकट महत्त्वाची. आपण काय घेणार आणि काय घेणार नाही हे ज्याचं पक्कं ठरलेलं असतं, त्याच्या पंधरा बाहुल्यांपुढे दिसेल ते उचलून जमवलेल्या शंभर बाहुल्या फिक्या पडतात. म्हणून सुरुवात खरेदीपासून करायची नाही.

आधी चौकट आखा

नुसत्या ‘बाहुल्या’ हा काही संग्रहाचा विषय होत नाही. तो इतका पसरट आहे की कितीही पैसे ओतले तरी कपाटाला चेहरा येत नाही. खाली जे पर्याय सांगते आहे त्यांतला एक घ्या, फार तर दोन. तिसऱ्याचा मोह पहिल्या वर्षी तरी टाळा.

हात आखडता असेल तर मी सगळ्यांत आधी मातीची चित्रं सुचवेन. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतो ती. सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफ ओढणारे, गवळणी, वासुदेव, जात्यावर बसलेली बाई. लहानपणी आपण ती मातीत रोवली, पावसात भिजवली, फोडली, आणि त्यामुळेच जुनी चित्रं आज फारशी कुणाकडे उरलेली नाहीत. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्याच्या आसपास आणि शहरभरच्या दिवाळीच्या स्टॉलवर ती मिळतात. विकत घेताना चित्र उलटं करून तळ बघा. तिथे रंग नसतो. भाजलेली माती तांबूस दिसते, प्लास्टर ऑफ पॅरिस पांढरं आणि खडूसारखं. प्लास्टरची चित्रं एका साच्यातून शेकड्यांनी निघतात, मातीच्या चित्रावर बऱ्याचदा हातानं काढलेले डोळे आणि मिशा असतात. माझं मत विचाराल तर दोन मातीची घ्या आणि दहा प्लास्टरची सोडा. एकच पात्र धरलंत, समजा फक्त वासुदेव किंवा फक्त गवळणी, तर दरवर्षी निरनिराळ्या हातांनी रंगवलेली तीच व्यक्ती शेजारी शेजारी उभी राहते आणि बघायला फार सुंदर दिसते.

दुसरा पर्याय लाकडी बाहुल्यांचा. आपल्याकडचं सावंतवाडी, कर्नाटकातलं चन्नपटण, आंध्रातली कोंडापल्ली आणि एटिकोप्पका ही याची मोठी गावं. चन्नपटणचं लाकूड लेथवर फिरवतात आणि फिरत्या लाकडावरच रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते, म्हणून त्या बाहुल्यांना ती खास चकाकी असते. कोंडापल्लीच्या बाहुल्यांचे हात, पाय, डोकं वेगवेगळं कोरतात आणि चिंचोक्यांचा लगदा व लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणानं जोडतात. हे माहीत असलं की दुकानात नेमकं कुठे बघायचं ते कळतं. चन्नपटणच्या बाहुलीचा गुळगुळीतपणा बघायचा आणि कोंडापल्लीच्या बाहुलीचे सांधे. लाकडी बाहुल्यांची किंमत आकाराबरोबर भराभर चढते, त्यामुळे ‘तळहातावर मावेल एवढीच’ ही अट घातली की हा संग्रह आवाक्यात येतो. कपाटही लहान पुरतं.

तिसरा पर्याय फॅशन डॉल, म्हणजे मुख्यतः बार्बी आणि तिच्या मापाच्या इतर बाहुल्या. मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ती पहिल्यांदा आली, उंची साडेअकरा इंच, आणि अजूनही साधारण तेवढीच आहे. या विषयाचा मोठा फायदा असा की वापरलेल्या बाहुल्या चिक्कार मिळतात. नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलींच्या घरात माळ्यावर एखादी तरी असतेच. त्या काळात ‘लिओ मॅटेल’ नावाखाली भारतात तयार झालेल्या बाहुल्या आपल्या दृष्टीनं विशेष, कारण त्या इथल्या आहेत आणि इथेच सापडतात. परदेशी मर्यादित आवृत्त्यांच्या मागे कमी पैशात लागू नका. बाहेरून मागवलेल्या पार्सलवर टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून इतकं चढतं की बाहुलीपेक्षा वाटखर्चच जड होतो.

चौथा पर्याय कापडी आणि हातानं केलेल्या बाहुल्यांचा. चिंध्यांची बाहुली करणारी एखादी आजी तुमच्या नात्यात असेल तर तिच्याकडे बसून एक करून घ्या आणि तिचं नाव लिहून ठेवा. ही बाहुली बाजारात कुठेच मिळणार नाही.

जुन्या लाकडी ठकीचा मोह मात्र आवरा. पूर्वी घरोघरी मुलींच्या खेळात असणारी ती ठकी आता जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे गेली आहे आणि भाव त्यांनी ठरवायचा असतो. ती विकत घ्यायची वस्तू राहिलेली नाही. गावच्या घराच्या माळ्यावर शोधायची, मिळाली तर नशीब.

चौकट पक्की करण्याआधी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहाला आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव दिलं. तिथले अडकित्ते बघताना लक्षात येतं की एकाच प्रकारच्या साध्या वस्तू एकत्र आल्या की त्यांच्यातले बारीक फरक बोलायला लागतात. बाहुल्यांच्या बाबतीतही हेच घडवायचं आहे. दिल्लीला जाणं झालं तर व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये सुरू केलेलं बाहुल्यांचं संग्रहालयही बघा. त्याची सुरुवात एका हंगेरियन बाहुलीपासून झाली होती.

पैशांची मांडणी

महिन्याचे पाचशे असतील तर तीनशे खरेदीचे, शंभर देखभालीचे आणि शंभर जाण्यायेण्याचे व कापड-मण्यांचे. तीन पाकिटं करा, खरोखरची कागदी. खरेदीचं पाकीट दर महिन्याला रिकामं करायचं नसतं. दोन-तीन महिने साठवून एक मनासारखी घेतली की ती टिकते. नाहीतर दर महिन्याला तीनशेच्या आत बसणारं काहीतरी घरात येतं आणि वर्षअखेर कपाटात बारा ‘काहीतरी’ उभ्या असतात.

देखभालीचे शंभर मात्र वाचवू नका. स्वस्तात मिळालेली मळकी बाहुली स्वच्छ झाल्यावरच संग्रहात येते, आणि त्याला शाम्पू, मऊ ब्रश, मलमल, सुया, धागे लागतातच.

कुठे जायचं, कधी जायचं

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लोखंडी सामान, जुनी नाणी, बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात खेळण्यांचे ढीगही असतात. सकाळी लवकर जा, सुट्टे पैसे ठेवा आणि कापडी पिशवीत एक-दोन प्लास्टिकच्या पिशव्या असू द्या, कारण तिथली बाहुली घरी येईपर्यंत इतर सामानाला टेकवू नये. बाहुलीचा भाव एकदम विचारू नका. शेजारच्या दोन वस्तूंसह विचारा, मग एकटीचा विचारा. विक्रेत्याला ती बहुधा ढिगातून आलेली असते, आपल्यालाच ती बाहुली दिसते, त्यामुळे भाव खाली येतो.

तुळशीबागेत नवी खेळणी आणि भातुकली मिळते. पितळी भातुकलीतली चूल, पोळपाट, घागर हे बाहुल्यांच्या मांडणीला फार उपयोगी पडतात, फक्त घेताना बाहुलीचं माप बरोबर ठेवा. बऱ्याच भातुकलीतली भांडी साडेअकरा इंची बाहुलीच्या हातात परातीसारखी दिसतात. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या भागात, लेस, मणी, टिकल्या, जर, गोंडे घाऊक भावात मिळतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानांत ‘तुकडे’ विचारा. तागा संपताना उरलेला पाऊण मीटर दुकानदाराच्या कामाचा नसतो, आपल्याला त्यात तीन साड्या निघतात.

डिसेंबरातली भीमथडी जत्रा, बचत गटांची प्रदर्शनं, कर्वे रोडवरच्या हॉलमध्ये भरणारी हातमाग आणि हस्तकलेची प्रदर्शनं, इथे कारागीर स्वतः भेटतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर गेलात तर उरलेला माल परत न्यायचा नसल्यानं ते आपणहून भाव कमी करतात. त्यांनी केला तर घ्या. पण स्वतःच्या हातांनी बाहुली घडवणाऱ्या माणसाशी वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं. घासाघीस करायची ती फेरविक्री करणाऱ्याशी. कारागिराला उलट प्रश्न विचारा. कोणतं लाकूड, रंग कशाचा, गाव कोणतं. उत्तरं वहीत लिहा.

सर्वांत स्वस्त जागा मात्र आपल्या आसपासच असते. एप्रिल-मे महिन्यांत बदल्या होतात, घरं बदलतात, सोसायटीच्या ग्रुपवर सामान निघतं. दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात. आपण बाहुल्या जमवतो हे शेजारीपाजारी, रद्दीवाले आणि नातेवाईक यांना माहीत असू द्या. लाजू नका. ‘टाकून देण्याआधी मला एक फोन करा’ एवढं एक वाक्य पुरतं. दिवाळी संपल्यावर किल्ले मोडतात तेव्हा सोसायटीतल्या मुलांकडे एक टोपली घेऊन जा आणि त्यांना ज्या चित्रांत रस उरला नसेल ती मागा. नवरात्र संपल्यावर रास्ता पेठेसारख्या भागात, जिथे तमिळ कुटुंबं जुनी आहेत, गोलूच्या उरलेल्या बाहुल्या कमी भावात मिळण्याची शक्यता असते. पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची ती पद्धत बघण्यासाठी आधी एखाद्या घरी जाऊनही या.

ऑनलाइन वापरलेल्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर ‘बार्बी’ शोधू नका, ‘जुनी खेळणी’, ‘खेळण्यांचा लॉट’ असं शोधा. ज्याला नाव माहीत आहे त्यानं भाव आधीच चढवलेला असतो. पैसे आधी पाठवू नका. पुण्यातल्याच विक्रेत्याला दिवसाउजेडी, गर्दीच्या ठिकाणी भेटा आणि बाहुली हातात घेऊन मगच पैसे द्या.

हातात घेतल्यावर

आधी वास घ्या. बुरशीचा कुबट वास कापडी बाहुलीतून सहसा जात नाही, प्लास्टिकच्या बाहुलीतून जातो. मग केसांची मुळं चाचपा. टोकं कोरडी पण मुळं चिकट असतील तर तो मळ नव्हे. काही बाहुल्यांमध्ये केस आतून बसवायला डिंकासारखा पदार्थ भरलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो. धुतला की काही दिवसांनी परत येतो. अशी बाहुली फुकट मिळाली तर घ्या, विकत घेऊ नका.

गुडघे वाकवा. वाकणारे पाय असतील तर ‘टक’ असा आवाज होऊन ते जागच्या जागी थांबायला हवेत. लुळे पडत असतील तर आतला सांधा तुटलेला आहे. मान वळवून तळाशी चीर आहे का बघा. हातापायांची टोकं चावलेली असतात, लहान मुलांच्या दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात, आणि त्या दुरुस्त होत नाहीत. कानात धातूचं आभूषण असेल तर भोकाभोवती हिरवट डाग आहे का पाहा. तांब्याचा गंज प्लास्टिकमध्ये मुरतो आणि पसरत जातो.

पाठीवरचं साल वाचताना नवखे लोक हमखास फसतात. बार्बीच्या कमरेखाली ‘१९६६’ दिसलं की विक्रेता ती साठ वर्षं जुनी म्हणून सांगतो. ते साल त्या शरीराच्या साच्याच्या हक्कनोंदणीचं असतं, बाहुली तयार झाल्याचं नसतं. तोच साचा पुढे कित्येक वर्षं वापरला गेला, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या बाहुल्यांवरही १९६६ सापडतं. त्याऐवजी देशाचं नाव, चेहऱ्याची रंगरंगोटी, पायांचा प्रकार आणि मिळाल्यास खोकं यांवरून काळ ठरवा. नवी, बंद खोक्यातली खेळण्यातली बाहुली घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. घरात लहान मूल असेल तर जुन्या, रंग उडालेल्या बाहुल्या त्याच्या हाती देऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

घरी आणल्यावर

नवी आलेली बाहुली थेट कपाटात जात नाही. दोन आठवडे वेगळ्या, तोंड बंद पिशवीत ठेवा. लाकडी असेल तर पिशवीच्या तळाशी पिवळसर भुकटी पडते का बघा. पडली तर आत भुंगेरा आहे. साधी, नवी लाकडी बाहुली प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली तर कीड मरते. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाष्प बाहुलीवर जमतं. जुन्या, रंगाचे पोपडे आलेल्या बाहुलीवर हा उपाय नको.

आता जुन्या बाजारातून आणलेली, केसांचा गुंता झालेली प्लास्टिकची बाहुली समोर आहे असं समजू. तिचे कपडे उतरवून वेगळे भिजवा. चेहऱ्याला पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, म्हणजे ओठांचा-डोळ्यांचा रंग शाबूत राहील. अंग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून मऊ ब्रशनं घासा. सांध्यांत पाणी शिरू देऊ नका. शिरलंच तर बाहुली पंख्याखाली पालथी-उताणी करत दोन दिवस वाळवा, कारण आत राहिलेल्या पाण्यावर बुरशी धरते.

केसांना आधी शाम्पू. मग कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचं एक चमचा मिश्रण वाटीभर पाण्यात करून त्यात केस अर्धा तास बुडवून ठेवा. बारीक दातांची धातूची फणी घ्या आणि टोकाकडून सुरुवात करा. बोटभर लांबी सुटली की बोटभर वर सरका. मुळाकडून ओढलं तर केस उपटून येतात आणि डोक्यावर भोकांची ओळ दिसते. गुंता सुटला की गॅसवरून उतरवून मिनिटभर थांबलेलं गरम पाणी केसांवरून ओता आणि लगेच विंचरा. केस सरळ होतात, कुरळे हवे असतील तर स्ट्रॉभोवती गुंडाळून तसेच गार होऊ द्या. हेअर ड्रायर आणि इस्त्री लावू नका, केस वितळतात. गरम पाण्यानं डोकंही मऊ पडतं, त्यामुळे विंचरताना मान धरून ठेवा.

बॉलपेनाच्या शाईला औषधाच्या दुकानात मिळणारं मुरुमांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल लागू पडतं. फक्त डागावर लावा, वर प्लास्टिकची फिल्म दाबा आणि उन्हात ठेवा. दर दोन तासांनी बघा, कारण हे जेल रंगही उडवतं. रंगवलेल्या चेहऱ्याजवळ आणि सावळ्या वर्णाच्या बाहुलीवर ते वापरू नका, पांढरा चट्टा पडतो. नेलपॉलिश काढायचा द्रव तर बाहुलीच्या आसपासही नको. त्यातलं ॲसिटोन कठीण प्लास्टिक विरघळवतं.

लाखेच्या बाहुल्यांना पाणी नाही आणि स्पिरिट तर अजिबात नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सॅनिटायझर लागलेल्या हातांनी धरली तरी चकाकी जाते. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मातीच्या चित्रांना फक्त रंगाचा मऊ ब्रश.

साडेअकरा इंची नऊवारी

पैसे नसताना या छंदात सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट म्हणजे बाहुलीला नेसवणं. बाहुली माणसाच्या एक षष्ठांश असते, म्हणून सहावारी साडीच्या साडेपाच मीटर लांबीला सहानं भागलं की ९२ सेंटिमीटर येतात, आणि ११५ सेंटिमीटर पन्ह्याचे १९. नऊवारी, म्हणजे ८.२ मीटर, हिशेबानं १३७ सेंटिमीटर. पण कापडाची जाडी सहा पटींनी कमी होत नाही. १३७ सेंटिमीटर नेसवलं तर बाहुलीच्या पोटावर निऱ्यांचा डोंगर होतो. ११० ते ११५ पुरे.

कापड मलमल, जुनी ओढणी, घरचीच विरलेली रेशमी साडी. नक्षी जितकी बारीक तितकं बरं. मोठ्या फुलांची साडी बाहुलीवर पडद्यासारखी दिसते. बारीक चौकडी, ठिपके किंवा खणाची छोटी बुट्टी चांगली. काठ म्हणून एक सेंटिमीटरपेक्षा रुंद लेस लावू नका. तुकड्याच्या कडा दुमडून शिवल्या तर जाड होतात, त्यामुळे सुटे धागे फार येणार नसतील तर नुसता पातळ फॅब्रिक ग्लू फिरवा.

नेसवण्याआधी तुकडा तांदळाच्या पातळ खळीत बुडवून सावलीत अर्धवट वाळवा. कमरेला साडीच्या रंगाचा दोरा बांधा, कारण खऱ्या नऊवारीची गाठ इथे फुगते. साडी उजवीकडून कमरेभोवती आणून पुढे निऱ्या घाला, प्रत्येक निरी अर्ध्या सेंटिमीटरची, आणि केसांच्या छोट्या चिमट्यानं धरून ठेवा. चिमट्यासकट ओलसर निऱ्यांवर बोट फिरवत त्या वाळू द्या, मग चिमटा काढून दोऱ्यात खोचा. खालचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचा. पाय थोडे फाकवून उभी केलेली बाहुली घेतली तर हे सोपं जातं. पदर शेवटी, खांद्यावर एक टाका घालून. ब्लाउजसाठी खणाचा बोटभर तुकडा मागून शिवून घ्या, टिचबटणं फार जाड होतात.

नथ बारीक मोत्यांची, नायलॉनच्या धाग्यात ओवून. तारेनं किंवा टाचणीनं नाक भोसकू नका, धातूचा हिरवा डाग पडतो तो इथेच. नथीचा फास नाकाशी टेकवून धागा केसांत मागे बांधला की ती उभी राहते. मंगळसूत्राला सर्वांत बारीक काचेचे काळे मणी.

पावसाळा आणि उन्हाळा

जूनच्या आधी एक काम नक्की करा: खळ घातलेल्या साड्या उतरवून धुऊन टाका. खळीला कसर लागते. पुन्हा नेसवायचा कंटाळा येतो, पण गौरींच्या आराशीला बाहुल्या मांडायच्या असतील तेव्हा ताज्या नेसवणीचा रंग वेगळाच असतो.

बाहुल्यांच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं. कापडी बाहुल्यांजवळ मलमलच्या पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे ठेवा, बाहुलीला टेकणार नाहीत असे. नव्या बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवा आणि बंद डब्यांत घाला. वर्तमानपत्रात बाहुली गुंडाळू नका, शाई उठते. धुऊन खळ काढलेली पांढरी मलमल उत्तम.

एप्रिल-मेमध्ये काही मऊ प्लास्टिकचे पाय चिकट होतात. प्लास्टिक लवचीक ठेवण्यासाठी घातलेलं द्रव्य उष्णतेनं बाहेर येतं. साबणानं पुसून किंचित टाल्कम पावडर लावा आणि बाहुली थंड जागी हलवा. रबरबँड, रंगीत बूट, प्लास्टिकचे पट्टे अंगावर कायमचे ठेवू नका. दोन प्लास्टिकं महिनोन् महिने एकमेकांना टेकून राहिली की एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो किंवा खड्डा पडतो. कपाट खिडकीसमोर नको. मांडणी आलटून पालटून करा, एका वेळी थोड्याच बाहुल्या उजेडात, बाकीच्या मलमलमध्ये. जागा आणि रंग दोन्ही वाचतात.

वही

शंभर पानी एक वही करा. प्रत्येक बाहुलीला क्रमांक द्या आणि तो बाहुलीवर न लिहिता सुती दोऱ्याच्या चिठ्ठीवर लिहा. नोंदीत तारीख, ठिकाण, किंमत, साहित्य, अंगावरच्या खुणा, काय दुरुस्त केलं, आणि कारागीर भेटला असेल तर त्याचं गाव. कुणाकडून भेट आली असेल तर त्या घरात ती कुणाची होती तेही विचारा. ‘मोठ्या आत्याच्या लग्नात रुखवतावर मांडलेली’ अशी नोंद असलेली साधी प्लास्टिकची बाहुली माझ्या दृष्टीनं नव्या महागड्या बाहुलीच्या वर बसते. नोंदीशेजारी सकाळच्या खिडकीतल्या उजेडात काढलेले दोन फोटो जोडा, एक समोरून, एक पाठीवरच्या खुणेचा.

महिन्याचं पाकीट संपलेलं असतं तेव्हाही ही वही काम देते. जुन्या नोंदींत भर घालता येते, एखाद्या खुणेचा अर्थ लागतो, कुठली बाहुली चौकटीबाहेरची आहे ते दिसतं.

देवाणघेवाण

चौकटीबाहेरच्या आणि दुहेरी बाहुल्या वर्षातून एकदा बाहेर काढा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला किंवा एखाद्या रविवारी चार संग्राहकांना घरी बोलावून अदलाबदल करा. बार्बीची एक जोडी देऊन कुणाकडून कोंडापल्लीची दशावतारातली मूर्ती मिळते, आणि दोघांच्याही पाकिटाला हात लागत नाही. विकायची असेल तर बाहुलीत काय दोष आहे ते आधी सांगा, दुरुस्ती केली असेल तर तीही. या छंदातली माणसं एकमेकांना ओळखतात आणि शब्द लवकर पसरतो. धडधाकट, पण संग्रहात न बसणारी प्लास्टिकची बाहुली स्वच्छ करून जवळच्या अंगणवाडीला विचारून देता येते, मात्र त्यात सुटे बारीक भाग किंवा उडणारा रंग नसावा.

कुणालाही बाहुली देताना वहीतल्या नोंदीची नक्कल चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, आणि आपल्या वहीत ती कुणाकडे गेली ते लिहा.